पिपरडोहला गाडी एक मिनिट थांबते

पहिल्याच दिवशी मी त्याच्या हातातली हिरवी झेंडी हिसकावली.

सकाळची वेळ. शकुबाईची वांग्यांची टोपली डब्यात चढली होती आणि शकुबाई खाली होती. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, तोंडाने "थांबवा वं माय, थांबवा" चालू. आणि हा नवा गार्ड – पांढरा शर्ट, इस्त्रीची घडीसुद्धा न मोडलेली – शेवटच्या केबिनच्या दारात उभा राहून झेंडी वर करायला निघालेला! मी तिकिटांची खिडकी तशीच उघडी टाकली, धावत गेले आणि झेंडी ओढली.

"मॅडम! हे काय करून राह्यल्या? सोडा!"

"म्हातारी चढल्याशिवाय नाई सोडत."

"मिनिट झालं."

"झालं तर झालं. तिची टोपली काय एकटी वर्ध्याले जाऊन वांगी विकनार हाय?"

त्याने शकुबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झेंडी अर्धी माझ्या मुठीत, अर्धी त्याच्या. आणि हा माणूस चक्क हसला! भर ड्यूटीवर! मला असा राग आला...

"चढल्या आजी," तो हळूच म्हणाला. "आता तरी द्या. नाईतर मले घरी बसा लागन."

मी झेंडी सोडली. गाडी गेली. झेंडीच्या कोऱ्या कापडाची खळ मात्र माझ्या बोटांना दुपारपर्यंत चिकटलेली होती. साबणाने निघाली असती. मी धुतलेच नाहीत हात.

आता पिपरडोह म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्यातल्या कोणी हे नाव ऐकलं नसेल. वर्धा-नागपूर लाईनवरचं हे स्टेशनसुद्धा नाही, हॉल्ट आहे. स्टेशनला मास्तर असतो, पंखा असतो, घोषणा असतात. हॉल्टला मी असते. मोठ्या स्टेशनावरून तिकिटं आणायची, खिडकीत बसून विकायची, कमिशन घ्यायचं. पगार नाही, गणवेश नाही, पेन्शनचं तर नाव काढू नका. आधी माझे बाबा, प्रेमदास, हे काम करायचे. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा खिडकी मी घेतली. बी.ए. झालेली पोरगी हॉल्टवर तिकिटं विकते म्हणून नाकं मुरडणारे होतेच. त्यांची नाकं त्यांच्यापाशी.

इंग्रजांच्या काळात इथून कापसाच्या गाठी जायच्या. त्यासाठी वेगळा रूळ होता, दगडी गोदाम होतं, मास्तरचं कौलारू घर होतं. गाठी गेल्या, रूळ उखडला, मास्तर गेला. गोदामाचे दगड कोणी कोणी आपल्या घराच्या पायाला नेले. नावं मला माहीत आहेत. उरला जमिनीलगतचा हा फलाट, एक कडुनिंब, एक नळ आणि माझी खोली.

मध्ये काही वर्षं गाडी थांबायचीच बंद झाली. धूळ उडवत समोरून जायची, आणि खिडकीतली माणसं आमच्याकडे अशी पाहायची, जणू आम्ही कॅलेंडरवर छापलेलो आहोत. आम्ही निवेदनं दिली, धरणं धरलं, उन्हात बसलो. शेवटी थांबा मिळाला तो 'प्रायोगिक'. सहा महिने बघू, गाडीला उशीर व्हायला लागला तर काढून घेऊ. म्हणजे जी गाडी आमचा कापूस न्यायला पिढ्यान् पिढ्या मुकाट्याने थांबली, ती आमची माणसं न्यायला प्रयोग म्हणून थांबणार! कॉलेजच्या पोरी, भाजीवाल्या, दवाखान्यात जाणारे म्हातारे... प्रयोग!

पण थांबत होती. एक मिनिट. त्या एका मिनिटावर अख्खं गाव टांगलेलं होतं. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मी का भडकले ते कळेल.

तर, तो परत आला. त्याची ड्यूटी एक दिवसाआड या गाडीवर असायची. शेवटचा डबा बरोबर माझ्या खिडकीसमोर येऊन थांबायचा. यात नशीब वगैरे काही नव्हतं, डब्यांची लांबीच तेवढी होती.

"आज झेंडी घट्ट धरली हाय," तो केबिनमधून म्हणाला.

"शहाणे झाले!"

झालं, मिनिट संपलं. आमचं बोलणं हे असं. आज त्याचा प्रश्न, परवा माझं उत्तर. मधला अख्खा दिवस मी उत्तराला धार लावत बसायची. त्याने विचारलं, "नाव काय तुमचं?" मी परवा सांगितलं, "जागृती. तुमचं नका सांगू, मले नाई पायजे." त्यावर त्याने पुढच्या खेपेला सांगितलं, "चंदन. नाई पायजे तरी ठेवा."

मी ठेवलं.

तो समुद्रपूरकडचा. घरी कपाशीची शेती, माणसांचं मोठं खटलं, रेल्वेत लागलेला घराण्यातला पहिलाच पोरगा. हे सगळं मला तुकड्या-तुकड्यात कळलं. त्याचे पाय केबिनमध्ये आणि मान बाहेर असायची. पाऊस असला की थेंब त्याच्या भुवईवर थांबायचे, आणि तो पुसायचा नाही, कारण एका हातात झेंडी आणि दुसऱ्या हाताने दांडी धरलेली. मला ते पुसावेसे वाटायचे. वाटायचे म्हणजे वाटायचे, आता लिहितेच आहे तर कशाला लपवू?

बाबा बाकावर बसलेले असायचे. डोळे अधू, कान शाबूत.

"हा नवा गार्ड बोलते गंज, तोंड बंदच नाई," ते म्हणायचे.

"तुमी लक्ष नोका देऊ."

"मी कायले देऊ? तू देऊन राह्यली ना."

मग भादव्यातल्या एका सकाळी, झिमझिम सुरू असताना, त्याने विचारलं, "एवढ्या शिकलेल्या हा तुमी. दुसरी नोकरी भेटन. या हॉल्टले काऊन धरून बसल्या?"

या प्रश्नाचं उत्तर मिनिटात मावणारं नव्हतं. मला ते कळायला हवं होतं. पण परवापर्यंत थांबायला मी तयार नव्हते... तिथल्या तिथे सुरू झाले.

"माहे पणजोबा तानबा. इथंच गाठी चढवायचे. फलाटावर मास्तरचा माठ होता, त्याले हात लावाची सोय नोहती. आन् छप्पनच्या ऑक्टोबरात याच फलाटावरून नागपूरले गेलते, बाबासाहेबांसंगं दीक्षा घ्याले. पांढरे कपडे घालून, पूर्ण वस्ती. गाडीत पाय ठेवाले जागा नोहती, तरी सगळ्यांनी तिकीट काढलं. पणजोबा म्हने, आज फुकट नाई जाचं. आज मानूस म्हनून जाचं."

तो ऐकत होता. पापणी हलत नव्हती.

"जागृती मेश्राम," मी म्हटलं. "आडनाव विचाराचं राह्यलंच होतं ना तुमचं? घ्या. आता गप्प काऊन झाले?"

पुढून मोटरमनने भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. डब्याडब्यांतून डोकी बाहेर आली, आणि शकुबाई खिडकीतून ओरडली, "गार्डबाबू, लगीन लावूनच निघता काय? माही मेथी सुकून राह्यली!"

तो दचकला. झेंडी त्याच्या हातात नुसती लोंबत होती! वर करायची राहून गेली होती. रोज झेंडी दाखवणारा माणूस, झेंडी दाखवायला विसरला!

गाडी गेली ती उशिरा गेली. तिच्यामागची लांबची एक्स्प्रेस मधेच अडकून पडली. आणि आठच दिवसांत निरोप आला : पिपरडोहला गाडी जास्त वेळ खाते अशी नोंद झाली आहे, रेल्वेचे साहेब स्वतः घड्याळ घेऊन येतील आणि थांबा ठेवायचा की काढायचा ते ठरवतील.

मी पेटले. पुढच्या खेपेला गाडी पुरती थांबायच्या आत मी केबिनपाशी होते.

"तुमच्यापायी! तुमच्या गप्पांपायी आमचा थांबा चालला! तुमाले काय, तुमी दुसऱ्या गाडीवर जासान. माह्या गावच्या पोरींनी कॉलेजात काय पैदल जाव?"

"जागृती, ऐका तर..."

"नाव घेऊ नोका माहं. पुढं पाहा. झेंडी दाखवा."

त्याने झेंडी दाखवली. मान खाली घालून. मला वाटलं होतं बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

त्यानंतर तो दिसलाच नाही. त्याच्या जागी जाड भिंगाचा, पोट सुटलेला गार्ड यायला लागला. मी दोन-तीन खेपा दातओठ खाऊन गप्प बसले, मग विचारलंच, "ते... आधीचे कुठी गेले?"

"चंदन? त्याले मालगाडीवर टाकलं." भिंगामागचे डोळे माझ्यावर रोखले गेले. "भैताड हाय तो. उशिराचं कारन काय लिहा लागते? लिहाचं ना, प्याशिंजर चढत होते. सगळे तसंच लिह्यतात. त्यानं लिह्यलं, गार्ड बोलत होता, चूक गार्डची. हॉल्टची नाई. असं कोनी लिह्यते काय?"

झेंडी वर झाली, गाडी गेली. मी फलाटावर उभी राहिले, आणि कोणीतरी तिकीट मागत होतं तर मी त्याला म्हटलं, "थांब ना जरा!" गाडी गेल्यावर तिकीट कशाला मागतोस, हे म्हणायचं पण सुचलं नाही.

मला माफी मागता येत नाही. आमच्या घरात ती पद्धतच नाही. आम्ही चहा करून देतो. पण मालगाडीवरच्या माणसाला चहा कुठे नेऊन देणार?

तोच आला. रविवारी संध्याकाळच्या गाडीने, मधल्या डब्यातून, साध्या निळ्या शर्टात. बाबांनी चालण्यावरूनच ओळखलं.

"जागृती, तुहा गार्ड उतरला वं."

"माहा काऊन?"

"मंग कोनाचा, माहा?"

तो खिडकीशी आला. गाडी सुटली, लांब गेली, तिचा आवाजही विरला, आणि पहिल्यांदाच आमच्यामध्ये कुठलंच मिनिट नव्हतं. बोलायला सगळी संध्याकाळ पडली होती, म्हणून दोघांनाही काही सुचेना!

"चहा घेता?" मी म्हटलं.

"घेतो ना."

स्टोव्हवर चहा उकळेपर्यंत मी पाठमोरीच होते. मग विचारलं, "तसं काऊन लिह्यलं?"

"खरं होतं म्हनून."

"आन् त्या दिवशी माहं आडनाव ऐकून गप्प काऊन झाले होते?"

"आडनाव ऐकून?" त्याने कप खाली ठेवला. "जागृती, मी तुह्या पणजोबापाशीच होतो अजून. पांढरे कपडे, ते तिकीट... आमच्या घरी एवढे म्हातारे, कोनी कधी असं काई सांगतलंच नाई. ऐकत होतो. मी ऐकाले लागलो की माहे हात काम नाई करत."

तो 'तुह्या' म्हणाला होता. मला ऐकू आलं. बाबांनाही आलं, कारण ते खाकरले आणि उठून नळाकडे गेले. त्यांना तहान लागली नव्हती.

"साहेब येनार हायत," मी म्हटलं. "थांबा गेला तर?"

"तेच सांगाले आलो. उशीर माह्यानं एकदाच झाला. पन मिनिट इथं रोजच अपुरं पडते. काऊन पडते मालूम हाय?"

मला माहीत होतं. कडुनिंबाची सावली. सगळं गाव त्या सावलीत थांबतं, गाडी आली की सावलीसमोरच्या एकाच दारावर तुटून पडतं. फलाट जमिनीलगत, पायरी कमरेइतकी उंच. त्यात टोपल्या, पोरं, गुडघे.

"दारं बाकीची रिकामीच राह्यतात," तो म्हणाला. "प्रत्येक दार कुठी येते ते मी दाखवतो. पन मानसं तिथं उभी कोन करन?"

"मी करन," मी म्हटलं. "त्याईचा बापबी उभा राहीन."

त्या संध्याकाळी आम्ही फलाटभर चुन्याच्या फक्क्या मारल्या. तो पावलं टाकत पुढे, मी डबा घेऊन मागे. वाकताना एकदा आमची डोकी आपटली. "लागलं?" त्याने विचारलं. "तुमचंच लागलं," मी म्हटलं. लागलं मला होतं. तो अजून हसायचाच.

पुढचा आठवडा गावाने जे केलं ते कुठल्या गावाने केलं नसेल. आम्ही गाडीत चढायची प्रॅक्टिस केली! सदाशिवरावांची बंडी बैल सोडून फलाटाशेजारी आणून ठेवली, खाली दगड लावून तिची उंची डब्याइतकी केली. ती आमची गाडी. रोज कामं आटोपली की गाव जमायचं. मी ओरडायची, "गाडी आली!" आणि माणसं बंडीत चढायची. आधी टोपली, मग पोर, मग माणूस. दांडी धर, डावा पाय पह्यले, मागं पाहू नोको!

पहिल्या दिवशी बंडीत भांडणं झाली. दुसऱ्या दिवशी बंडीचं एक चाक निखळलं. सदाशिवराव, म्हणजे माजी सरपंच, शेतकरी माणूस, यांना रांग ही वस्तूच माहीत नव्हती.

"मी या बाईच्या मांगं उभं राहू?" त्यांनी शकुबाईकडे बोट केलं.

"हाव," मी म्हटलं.

"माहीच बंडी, आन् मी मांगं?"

"बंडी तुमची, काका, फलाट सगळ्याईचा. राहाचं नसन तर बैल जुंपा आन् बंडीनंच वर्ध्याले जा."

लोकं हसली. सदाशिवरावांचं तोंड लाल झालं. मग ते धोतर सावरून शकुबाईच्या मागे जाऊन उभे राहिले. शकुबाईने मागे वळून त्यांना म्हटलं, "ढकलू नोका हो बाप्पा, माहे गुडघे दुखतात." ज्या फलाटावर पणजोबांना माठाला हात लावता येत नव्हता, त्याच फलाटावर ही रांग. मला नाचावंसं वाटलं. मी शिट्टी मारली.

साहेब आले तो दिवस. फलाटावर प्रत्येक फक्कीपाशी माणसं उभी, कडुनिंबाखाली फक्त एक कुत्रं. गाडी आली. शेवटच्या केबिनमध्ये... चंदन! त्या दिवसासाठी त्याची ड्यूटी परत लावली होती. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्याच ड्यूटीत बघायचं, असं साहेबांचं म्हणणं. साहेब टाय लावून खाली उतरले, घड्याळ हातात, तोंड असं की आंबट ताक प्यालेलं.

"हं," ते म्हणाले.

आणि पिपरडोह चढलं! धक्का नाही, ओरड नाही, टोपली-पोर-माणूस, टोपली-पोर-माणूस. कॉलेजच्या पोरी ओढण्या सावरत टकाटक आत, म्हातारे आत, शकुबाई आत, सदाशिवराव आत. फलाट रिकामा! मी साहेबांच्या घड्याळात डोकावले. जवळजवळ अर्धं मिनिट अजून शिल्लक होतं!

अर्धं मिनिट... आणि करायला काहीच नाही. नियम असा की वेळेआधी झेंडी दाखवता येत नाही. चंदन केबिनच्या दारात, मी खाली, साहेब मध्ये.

"टाइम हाय अजून," शकुबाई खिडकीतून म्हणाली. "बोल ना बापू! तवा तर थांबत नोहता!"

गाडीभर खसखस पिकली. चंदनचे कान लाल झाले. पण पोरगा डगमगला नाही.

"घरी सांगतलं," तो मला म्हणाला, मोठ्याने, सगळ्यांसमोर. "तुहं नाव, आडनाव, सगळं. काका बोलत नाईत. आई दोन टाइम जेवली नाई. मंग तिले भूक लागली. आता म्हनते, पोरगी पाहाले जाऊ."

"पाहाले नोको!" माझा आवाज चिरकला. "मी काय बाजारातली बकरी हाय? चहाले या म्हना त्याईले. बसा, बोला, माह्या बाबांसंगं जेवा. आमच्या ताटात जेवाची तयारी असन तर या."

"मी जेवतो. त्याईचं मी पाहून घेईन. पन तुहं काय? तू सांग ना..."

घड्याळाचा काटा धावत होता.

"हाव म्हनून राह्यली ना मी! अजून कसं सांगू? तुह्या आईले नाई, काकाले नाई. तुले हाव!"

गाडी अशी ओरडली, अशी टाळ्या वाजवायला लागली की कडुनिंबाखालचं कुत्रं पळालं. बाबा बाकावरून उठले. आणि चंदन, त्याच्या चेहऱ्यावर असलं हसू, त्याने नीट वेळ पाहिली आणि बरोबर मिनिट भरताना झेंडी वर केली. एक क्षण इकडे नाही, तिकडे नाही.

गाडी हलली. आणि साहेब खाली!

ऐकता ऐकता ते चढायचंच विसरले होते. घड्याळ मुठीत, टाय खांद्यावर, साहेब धावले. सदाशिवरावांनी दारातून हात काढला आणि त्यांचं मनगट पकडलं.

"दांडी धरा सायेब, दांडी! डावा पाय पह्यले! मांगं पाहू नोका!"

साहेब बरोबर तसेच चढले. दारात उभे राहून धापा टाकत ते माझ्याकडे पाहत राहिले आणि हसायला लागले. आंबट ताकवाला माणूस!

"मॅडम!" ते ओरडले. "थांबा राहील तुमचा! कायम करून देतो!"

तुम्हाला वाटेल मी हात जोडले असतील. आभार मानले असतील. का म्हणून? आमचाच होता थांबा. मी चप्पल हातात घेतली आणि गाडीच्या कडेने धावत सुटले. शेवटच्या केबिनमधून चंदन वाकून मला पाहत होता, आणि मी त्याच्याकडे न बघता, पुढच्या दारातल्या साहेबांकडे बघत, जीव खाऊन ओरडत होते :

"अन् दुपारच्या गाडीचं काय, सायेब? ते कवा थांबवता?"